वेड्यावाकड्या जोडणीच्या क्लस्टरमध्ये डेडलॉक: अप-डाऊन राउटिंग की व्हर्च्युअल लेन?

खटपट्या
नमस्कार मंडळी. आमच्याकडे इन्फिनिबँडचा (मशिनं जोडणारं वेगवान नेटवर्क) एक क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशिनांचा ताफा आहे. मुळात ती व्यवस्थित दोन थरांची फॅट ट्री होती, म्हणजे खाली लीफ स्विच आणि वर स्पाइन. पुढे मशिनं वाढली, स्पाइनवरचे पोर्ट संपले आणि नव्या रॅकमधले दोन स्विच चक्क दोन लीफ स्विचना लटकवले गेले. भरीस भर म्हणून त्या दोन नव्या स्विचमध्ये आपसातही एक केबल आहे. ही सगळी रचना मी इथे यायच्या आधीची.

लक्षणं अशी: एरवी जॉब सुरळीत चालतात. पण सगळ्या नोडवर (मशिनवर) पसरलेलं ऑल-टू-ऑल, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाला डेटा पाठवणं, सुरू झालं की मधेच सगळं सेकंदभर गोठतं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतं. क्वचित एखादा जॉब 'रिट्राय संपले' म्हणून मान टाकतो. केबल तपासल्या, सिम्बॉल एररचे काउंटर कोरे आहेत.

सहकारी म्हणतो की हा राउटिंगचा डेडलॉक आहे, म्हणजे पॅकेटं एकमेकांची वाट बघत अडकून बसतात. वाचायला घेतलं तर दोन पंथ दिसले. एक म्हणतो अप-डाऊन राउटिंग लावा आणि विसरा. दुसरा म्हणतो अप-डाऊन जुनाट आहे, व्हर्च्युअल लेन (एकाच केबलवरचे वेगळ्या बफरांचे मार्ग) वापरून लॅश किंवा डीएफ-एसएसएसपी हे राउटिंग इंजिन लावा. ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांचं मत हवंय.

निवांत
डेडलॉक वगैरे पेपरात असतो हो. इतकी वर्षं क्लस्टर सांभाळतोय, एकदाही पाहिला नाही. तुमच्याकडे साधी गर्दी झाली असणार. ऑल-टू-ऑलमध्ये होतेच.

प्रश्नांकित
मूलभूत शंका विचारतो, हसू नका. पॅकेट अडकलं तर स्विच ते टाकून का देत नाही? इथरनेटवर तर सर्रास टाकतात. आणि टीटीएल (पॅकेटने किती टप्पे जायचं याची मर्यादा) असतोच ना?

अनवट
@प्रश्नांकित, हसण्यासारखं काही नाही, सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे. इन्फिनिबँडमध्ये पुढच्या स्विचच्या बफरमध्ये जागा आहे असं क्रेडिट मिळाल्याशिवाय पॅकेट पाठवतच नाहीत. त्यामुळे गर्दीत पॅकेट पडत नाही, पण थांबतं. थांबलेलं पॅकेट आपला बफर अडवून बसतं आणि पुढच्याची वाट बघतं. अशा वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण झालं की कोणीच हलत नाही. टीटीएल दर टप्प्याला कमी होतो. जे पॅकेट हलतच नाही त्याचा टीटीएल कमी व्हायचा कसा?

सहकारी म्हणतात ते खरं असू शकतं. धाग्यात दिलेल्या जोडणीवरच हिशेब करून बघू. नवे स्विच क आणि ख. क लटकलाय घ या लीफला, ख लटकलाय ग या लीफला, आणि क–ख ही आपसातली केबल. म हा एक स्पाइन, च हा दुसरा कुठलाही लीफ. आता फक्त सर्वांत जवळची वाट धरा:

क कडून ग कडे: क–ख–ग
ख कडून च कडे: ख–ग–म–च
ग कडून घ कडे: ग–म–घ
च कडून क कडे: च–म–घ–क
घ कडून ख कडे: घ–क–ख

पाचही वाटा एकेकट्या बघितल्या तर निर्दोष आहेत, सर्वांत छोट्याही आहेत. आता कोण कशाला धरून कशाची वाट बघतोय ते बघा. पहिली वाट क–ख धरून ख–ग मागते. दुसरी ख–ग धरून ग–म मागते. तिसरी ग–म धरून म–घ मागते. चौथी म–घ धरून घ–क मागते. पाचवी घ–क धरून परत क–ख मागते. झालं वर्तुळ. मधल्या तीन वाटांच्या नशिबी एकच स्पाइन यायला हवा, पण प्रत्येक स्विचवर भरपूर नोड असले की कुठली ना कुठली तिकडी जुळतेच.

डॅली आणि साइट्झ यांनी १९८७ साली नेमकं हेच मांडलं. प्रत्येक लिंकला एक बिंदू माना. एखादी वाट एका लिंकवरून दुसरीवर जात असेल तर पहिलीकडून दुसरीकडे बाण काढा. या बाणांच्या आलेखात वर्तुळ नसेल तर डेडलॉक अशक्य. म्हणून एकेक वाट तपासून काही कळत नाही, सगळ्या वाटा एकत्र मांडाव्या लागतात.

भोचक भवानी
म्हणजे सगळे सज्जन, सगळे नियमाने वागणारे, आणि तरीही काम ठप्प. ओळखीचं वाटतंय.

चक्रम
चौकात चार गाड्या एकमेकींच्या आडव्या येऊन अडकतात तसंच की हे.

अनवट
@चक्रम, हो, पण चौकात कोणीतरी गाडी मागे घेतो. इथे रिव्हर्स गिअर नाही, आणि अख्खा चौक कोणालाच दिसत नाही. प्रत्येक स्विचला फक्त शेजारच्याचं क्रेडिट दिसतं.

जुनाजाणता
निवांतराव, तुम्ही पाहिला नाहीत कारण तो तसा दिसतच नाही. स्विचच्या पोर्टवर एक घड्याळ असतं. रांगेच्या तोंडाशी पॅकेट ठरावीक वेळेपेक्षा जास्त ताटकळलं की ते फेकून देतात. ओपनएसएम या सबनेट मॅनेजरमध्ये (स्विचची राउटिंग टेबलं भरणारा प्रोग्रॅम) स्विच-ते-स्विच पोर्टांसाठी ही मर्यादा मुळात १८ या आकड्याने लिहिलेली असते. म्हणजे ४.०९६ मायक्रोसेकंद गुणिले २ चा १८वा घात, सुमारे १.०७ सेकंद. खटपट्यांचं 'सेकंदभर गोठतं' हे वाक्य वाचूनच माझे कान टवकारले. वर्तुळ बनलं, सेकंदभर कोणी हललं नाही, घड्याळाने एक पॅकेट फेकलं, वर्तुळ तुटलं, वरच्या थराने ते पॅकेट पुन्हा पाठवलं. वापरणाऱ्याला वाटतं 'आज नेटवर्क जरा स्लो आहे'. फेरपाठवणीची मर्यादा जास्तीत जास्त ७. तेवढी संपली की जॉब मरतो.

गर्दी आणि डेडलॉक यांतला फरक काउंटरवरून कळतो. क्रेडिटअभावी पोर्ट किती वेळ थांबला ते सांगणारा एक्समिट-वेट दोन्हीत वाढतो, त्याच्या नादी लागू नका. पण गर्दीत डेटाचे काउंटर हळू का होईना सरकत राहतात. डेडलॉकमध्ये त्या वर्तुळातल्या सगळ्या पोर्टांचे डेटा काउंटर एकाच वेळी थिजतात आणि सेकंदाने फेकलेली पॅकेटं मोजणारा एक्समिट-डिस्कार्ड वाढलेला दिसतो. सबनेट मॅनेजरचा लॉगही बघा. राउटिंग इंजिन कुठलं लावलंय?

निवांत
मग घड्याळ आपोआप सोडवतंय ना? ती मर्यादा कमी करा, सेकंदाऐवजी काही मिलिसेकंद. इतका खटाटोप कशाला?

जुनाजाणता
कमी करा की. मग खऱ्याखुऱ्या गर्दीत नुसतं रांगेत उभं असलेलं पॅकेटही फेकलं जाईल. फेरपाठवणीने गर्दी आणखी वाढेल. डेडलॉक मोडायचं औषध निरोगी ट्रॅफिकला पाजायचं, असा प्रकार.

सरळमार्गी
इथरनेटवाल्यांनो, तुम्हीही खुशीत राहू नका. आरडीएमएसाठी (दुसऱ्या मशिनच्या मेमरीत थेट लिहिणं-वाचणं) पीएफसी, म्हणजे पॅकेट न टाकता मागच्याला थांबवायची सोय, चालू केलंत की तेच दुखणं तुमच्याही घरी येतं. बफर भरला की स्विच मागच्याला 'थांब' म्हणतो, तो त्याच्या मागच्याला. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी २०१६ मध्ये त्यांच्या डेटासेंटरचा अनुभव लिहिलाय. त्यांची रचना तर सरळ झाडासारखी, वर जा आणि खाली या. तरी डेडलॉक झाला. कारण पत्ता माहीत नसलेलं पॅकेट इथरनेटचा स्विच सगळ्या पोर्टांवर उधळतो, आणि ती उधळलेली पॅकेटं खालून पुन्हा वर गेली. राउटिंग टेबलात वर्तुळ नव्हतं, ते उधळणीने तयार केलं.

प्रश्नांकित
हे भारी आहे. पण मूळ प्रश्न राहिला ना, अप-डाऊन म्हणजे नक्की काय करतात?

अनवट
एक स्विच मूळ माना आणि तिथून पातळ्या मोजा. प्रत्येक लिंकचं मुळाच्या जवळचं टोक 'वर'. दोन्ही टोकं एकाच पातळीवर असतील तर ज्याचा क्रमांक लहान ते वर. नियम एकच: हवं तितकं वर जा, मग हवं तितकं खाली या, पण एकदा खाली उतरलात की पुन्हा वर चढायचं नाही. कुठल्याही वर्तुळात कुठे तरी खालून वर वळावंच लागतं आणि तेच वळण बंद, म्हणून वर्तुळ पूर्ण होत नाही. आणि झाडाच्या फांद्यांवरून मुळापर्यंत जाऊन खाली उतरणं नेहमीच वैध असतं, त्यामुळे कोणी तुटतही नाही.

पद्धत डेक या संगणक कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या ऑटोनेट नेटवर्कची, पेपर १९९१ चा. १०० मेगाबिटच्या लिंक, १२ पोर्टांचे स्विच, कशीही जोडणी करा, स्विच आपसात बोलून झाड ठरवणार आणि केबल तुटली तर नवं झाड उभं करणार. आज 'जुनाट' म्हणणाऱ्यांनी ते काम एकदा बघावं.

चक्रम
पण मुळाशी गर्दी होते आणि वाटा लांबतात, हा आक्षेप खोटा नाही. सहा स्विचचं साधं कडं घ्या, १ ते ६. मूळ १. सर्वांत खाली ४. आता ३ कडून ५ कडे जायचं तर ४ मधून दोन टप्पे. पण ते खाली उतरून वर चढणं झालं, म्हणून बंद. जायचं कसं? ३–२–१–६–५, चार टप्पे, आणि तेही मुळावरून! दुप्पट वाट. व्हर्च्युअल लेनवाले म्हणतात ते उगीच नाही. दोन लेन असल्या की सगळ्या वाटा सर्वांत छोट्या ठेवून वर्तुळ मोडता येतं.

अनवट
कड्याच्या बाबतीत शंभर टक्के मान्य. पण धागाकर्त्यांच्या जोडणीवर लावून बघा. स्पाइन सगळे मुळं, पातळी ०. लीफ पातळी १. क आणि ख पातळी २, दोघांत क वरचा धरू. बंद होतं ते एकच वळण: ख वरचं, क आणि ग यांच्या मधलं. क कडून ग कडे आता क–घ–म–ग जावं लागेल, दोनऐवजी तीन टप्पे. ग कडून क कडेही तसंच. बाकी सगळं जसंच्या तसं. क–ख केबलही वाया जात नाही, त्या दोघांचं आपसातलं आणि घ–ख यांच्यातलं ट्रॅफिक तिच्यावरूनच जाईल. एवढ्यासाठी लेनचा संसार मांडायचा?

खटपट्या
अनवटताई, जुनाजाणता, दोघांचे आभार. लॉग बघितला. कॉन्फिगमध्ये इंजिन म्हणून फॅट ट्री लिहिलेलं आहे. पण लॉगमध्ये प्रत्येक स्वीपला (मॅनेजरच्या नेटवर्कवरच्या फेरीला) 'फॅट ट्री राउटिंग अयशस्वी' आणि त्याच्याखाली मिनहॉप लावल्याची नोंद! म्हणजे कागदावर फॅट ट्री, प्रत्यक्षात मिनहॉप.

जुनाजाणता
सापडला चोर. ओपनएसएमचा हा स्वभावच आहे. सांगितलेलं इंजिन जमलं नाही तर तो गुपचूप मिनहॉपवर उतरतो. मिनहॉप फक्त टप्पे मोजतो, डेडलॉकशी त्याला देणंघेणं नाही. शुद्ध फॅट ट्रीत सर्वांत छोटी वाट आपसूक वर-मग-खाली अशीच असते, म्हणून तिथे मिनहॉपही पचतो. तुमची क–ख केबल आली आणि ते संरक्षण गेलं. इंजिनांच्या यादीत 'नो फॉलबॅक' लिहिता येतं, ते लिहा.

अपडीएन (ओपनएसएममधलं अप-डाऊन इंजिन) लावताना स्पाइनचे जीयूआयडी (ओळख क्रमांक) फाइलमध्ये स्वतः द्या. नाही दिले तर तो आकडेवारीवरून मुळं ओळखायचा प्रयत्न करतो. सुबक झाडात ओळखतो, तुमच्यासारख्या गोतावळ्यात काय ओळखेल कोण जाणे. आणि मुळंच सापडली नाहीत तर पुन्हा मिनहॉप आहेच.

भोचक भवानी
'गुपचूप उतरतो' वाचून मन भरून आलं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

लेनवाला
उशिरा आलोय, पण लेनची बाजू कोणीतरी मांडायला हवी. अप-डाऊन इथे स्वस्तात पडतंय कारण जोडणी ९० टक्के झाडच आहे. खरोखर अनियमित जाळं असेल, कुठूनही कुठेही केबल, तर मुळाजवळच्या लिंक भाजून निघतात आणि दूरच्या रिकाम्या राहतात. मूळ कुठलं निवडलं यावर अख्ख्या नेटवर्कची कामगिरी ठरते, हे मला कधीच पटलेलं नाही.

लॅश २००२ चा. कल्पना सोपी: सगळ्या वाटा सर्वांत छोट्या घ्या आणि एकेक जोडी उचलून पहिल्या लेनच्या आलेखात टाका. वर्तुळ झालं तर दुसऱ्या लेनमध्ये, तिथेही झालं तर तिसऱ्या. प्रत्येक लेनचे बफर वेगळे, म्हणून एका लेनमधल्याने दुसरीतल्याची वाट बघायचा प्रश्नच नाही. डीएफ-एसएसएसपी २०११ चा. तो आधी लिंकांवरचा भार समतोल ठेवत वाटा काढतो आणि मग वर्तुळं शोधून एकेक वाट वरच्या लेनमध्ये ढकलतो. कमीत कमी लेन वापरून ही वाटणी करणं एनपी-पूर्ण (मोठ्या जाळ्यात नेमकं उत्तर काढणं जवळपास अशक्य अशा प्रकारचं) आहे, हेही त्याच पेपरात सिद्ध केलंय. म्हणून सगळे अंदाजपंचेच करतात, पण अंदाज चांगला लागतो.

चक्रम
आणि लेन संपल्या तर? मानकात डेटासाठी १५ पर्यंत आहेत, प्रत्यक्ष हार्डवेअरमध्ये बरेचदा ८.

लेनवाला
तर इंजिन हात वर करतं, आणि मग तुमचा लाडका मिनहॉप. हा दोष मान्य. त्याच्यावरचा तोडगा म्हणजे २०१६ चा न्यू (Nue) नावाचा अल्गोरिदम. तो वाट काढतानाच अवलंबनांचा आलेख समोर ठेवतो आणि वर्तुळ करणारी पायरी घेतच नाही. लेन कितीही द्या, अगदी एक दिली तरी चालतो. वाट मात्र लांबू शकते.

जुनाजाणता
लेनवाल्यांनो, एक गोष्ट तुम्ही नेहमी गाळता. कुठल्या जोडीने कुठली लेन वापरायची हे पॅकेटवरच्या सर्व्हिस लेव्हलवरून ठरतं, आणि ती लेव्हल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने सबनेट मॅनेजरला विचारून घ्यायची असते. एखादी एमपीआय लायब्ररी (नोडमधले संदेश पाठवणारी) न विचारता सरसकट ० टाकत असेल तर सगळं ट्रॅफिक एकाच लेनमध्ये. वाटा छोट्या, लेन एक, म्हणजे पुन्हा तेच वर्तुळ. मॅनेजर म्हणतो मी चोख काम केलंय, आणि ते खरंही असतं! माझा अप-डाऊनकडे ओढा आहे तो यामुळे. तिथे टेबल बरोबर असलं की काम झालं, प्रोग्रॅमच्या शिस्तीवर काही अवलंबून नाही.

लेनवाला
हा मुद्दा बिनतोड आहे. आम्ही जॉबच्या एन्व्हायर्नमेंटमध्येच ती सेटिंग सक्तीची केली होती, पण एखादं जुनं बायनरी निसटतंच.

प्रश्नांकित
आमच्या सरांनी सांगितलं होतं की वर्तुळ असलं तरी डेडलॉक होईलच असं नाही. मग डॅली-साइट्झ चुकले का?

अनवट
सर आणि ते दोघे, सगळेच बरोबर. त्यांचा नियम ठरलेल्या वाटांसाठी. पॅकेटला ऐनवेळी अनेक वाटांतून निवड करता येत असेल तर दुआतोने १९९३ मध्ये दाखवलं की वर्तुळं असली तरी हरकत नाही. अट अशी की प्रत्येक ठिकाणाहून एक सुटकेची वाट हवी, आणि त्या सुटकेच्या वाटांचं आपसातलं अवलंबन वर्तुळाशिवाय असावं. धागाकर्त्यांच्या स्विचवर मात्र साधं टेबल आहे: पत्ता बघ, ठरलेल्या पोर्टवर टाक. तिथे सुटका नाही.

त्या टेबलाची आणखी एक खोच आहे. ऑटोनेटमध्ये पॅकेट कुठल्या पोर्टवरून आलं हेही बघायचे, त्यामुळे 'हा उतरून आलाय, याला चढू देऊ नका' असं सांगता यायचं. इन्फिनिबँडचं टेबल फक्त कुठे जायचंय ते बघतं. म्हणून टेबल भरतानाच काळजी घ्यावी लागते: एखाद्या स्विचवरून ठिकाणापर्यंत निव्वळ उताराची वाट असेल तर तीच द्यायची, चढून जाणारी वाट छोटी असली तरी. नाहीतर वरून उतरत आलेलं पॅकेट तिथे पुन्हा चढेल आणि नियम मोडेल.

मायरीनेटचा भक्त
अवांतर: मायरीनेट या जुन्या क्लस्टर-नेटवर्कमध्ये अख्खी वाट पॅकेटच्या डोक्यावरच लिहून पाठवायचे, स्विच नुसता हुकमाचा ताबेदार. त्यावर एक मस्त युक्ती निघाली होती. बंद वळणापाशी पॅकेट वाटेतल्या एखाद्या मशिनमध्ये उतरवायचं आणि तिथून नव्याने सोडायचं. अवलंबनाची साखळी तिथेच तुटते आणि वाट छोटीच राहते. मधल्या मशिनची मेमरी वापरली जाते, एवढीच किंमत.

निवांत
बरं, माघार घेतो. पण खटपट्या, चालू क्लस्टरवर इंजिन बदलणार असाल तर जपून. जुनं टेबल सुरक्षित, नवं टेबल सुरक्षित, पण अर्ध्या स्विचवर जुनं आणि अर्ध्यांवर नवं असताना दोघांच्या वाटा मिळून वर्तुळ होऊ शकतं. जॉब थांबवून मगच करा.

सरळमार्गी
हे वाक्य निवांतरावांच्या तोंडून! धागा सार्थकी लागला.

खटपट्या
अपडेट. आधी ibdiagnet हे तपासणीचं साधन चालवून क्रेडिट लूपची तपासणी केली, मिनहॉपच्या टेबलात लूप निघाले, आणि त्यातल्या एकात क, ख, ग, घ चौघेही आहेत. मग रांग रिकामी करून अपडीएन लावलं, स्पाइनचे जीयूआयडी हाताने दिले. तेच ऑल-टू-ऑल पुन्हा चालवलं. गोठणं बंद, डिस्कार्डचा काउंटर जागचा हललेला नाही. क–ग वाट एका टप्प्याने लांबली, पण जॉबच्या वेळेत ते जाणवत नाही. लॅश तूर्तास नको, आमच्याकडे जुनी बायनरी भरपूर आहेत.

आता एक उपप्रश्न. वरून विचारणा आहे की ती क–ख केबल काढूनच टाकावी का?

चक्रम
काढा. नसेल तर मिनहॉपही बिनधोक चालेल, प्रश्नच मिटला.

जुनाजाणता
मुळीच काढू नका. उद्या ख–ग लिंक गेली तर ख ला तीच एक केबल आधाराला. अपडीएन नव्याने पातळ्या मोजेल, ख मुकाट्याने क च्या खाली लटकेल, आणि तुमचा अर्धा रॅक जिवंत राहील. दोष केबलचा नव्हता, इंजिनाचा होता. नो फॉलबॅक लिहिलंत का?

खटपट्या
लिहिलं. पण सहकारी घाबरलाय. त्याचं म्हणणं, इंजिन फसलं तर नवी राउटिंग लागणारच नाही, त्यापेक्षा मिनहॉप बरा.

लेनवाला
त्याला म्हणावं अपडीएनच्या मागे न्यू ठेव आणि मग नो फॉलबॅक. दोन्ही फसले तर रात्री फोन येईल, आणि यायलाच हवा.

भोचक भवानी
तो फोन सहकाऱ्याच्या नंबरवर लावा म्हणजे झालं.